सॅल्मनची सोयरीक

धम्मप्रियाचं काम सांगायला सोपं, पण ऐकणाऱ्याला पटायला अवघड. कॅनडातल्या हॅलिफॅक्समध्ये बसून ती चक्क माशांच्या सोयरिकी जुळवायची. नदीत सॅल्मन अगदी थोडे उरलेले. ते धरून अंडी उबवायच्या हॅचरीत आणायचे, प्रत्येकाच्या पोहायच्या पंखाचा कणभर तुकडा लॅबमध्ये नेऊन डीएनए तपासायचा आणि कोण कोणाच्या नात्यातलं ते पाहून जोड्या ठरवायच्या. जवळच्या नात्यात जोडी लागली की पिल्लं कमजोर निघतात, पुष्कळदा जगतच नाहीत. मग नदीत सोडायचं काय, कपाळ?

हे सगळ्या जगाला समजावणारी ही बाई आईपुढे मात्र मूग गिळून बसायची. कारण आईचं, म्हणजे कांताबाईंचं, लग्न सख्ख्या आतेभावाशी झालेलं. धम्मप्रियाच्या आधीचे दोन मुलगे पाळण्यातच गेले. पोटुशी असताना भट्टीवर विटा वाहिल्या म्हणून गेले, असा बोल कांताबाई जन्मभर स्वतःला लावत आल्या. खरं कारण वेगळं असू शकतं, हे लेकीला कळत होतं. पण ते सांगायचं म्हणजे बाबांच्या माघारी त्यांच्या संसारालाच नाव ठेवायचं. तेवढी छाती तिला नव्हती.

२००९च्या ऑक्टोबरात आई नागपूरहून आली आणि लेकीचं काम बघायचं म्हणून हटूनच बसली. शेवटी धम्मप्रियाने तिला हॅचरीत नेलं.

एका हौदात अंड्यांनी फुगलेली मादी फिरत होती, शेजारच्या हौदात एक दणकट नर. कांताबाईंनी दोघांना निरखून पाहिलं.

"हा काऊन नाही दिला हिला? चांगला तर आहे."

"नात्यातला आहे, आई."

"कोण लागते?"

खोटं अगदी ओठांवर आलं होतं, पण तिने ते गिळलं. "आतेभाऊ," धम्मप्रिया म्हणाली.

"मग? आपल्यात चालते."

"इथे नाही चालवत. पिल्लं जगत नाहीत कधीकधी."

कांताबाई हौदापासून वळल्या. दोघी गाडीत बसल्या, हायवे लागला. आपण आईचं म्हातारपण नासवलं, असं धम्मप्रियाला वाटू लागलं.

"प्रिया, म्हणजे विटांनी नव्हतं?"

"नक्की कोणालाच सांगता येणार नाही, आई. पण विटांनी नसावं."

कांताबाईंनी पदर डोळ्यांना लावला. धम्मप्रियाने गाडी कडेला घेतली आणि त्यांना मनसोक्त रडू दिलं.

"तुझ्या बाबानं मले कधीच बोल नाही लावला. मीच लावत होती," त्या नाक पुसत म्हणाल्या. मग जरा वेळाने, "तुझ्या त्या मासळीसाठी परक्यातलाच पाहाजो, बेटा."