हिरामणच्या तोंडचा नियम

पांढुर्ण्याच्या नगरपालिकेत साहेब बदलतात, अध्यक्ष बदलतात, कधीमधी खुर्च्यांची कापडंही बदलतात. बदलत नाही तो हिरामण कळंबे. कागदावर तो साधा चपराशी. पण उन्हाळ्यात नळ आटले आणि टँकर सुरू झाले, की तोच गावचा न्यायाधीश. टँकर यायच्या तासभर आधी बाया आपापले पाण्याचे गुंड, म्हणजे घागरी, ओळीत मांडतात आणि स्वयंपाकाला घरी निघून जातात. जिथे गुंड, तिथे त्या बाईचा नंबर. हा कायदा कोणत्याच पुस्तकात नाही, पण हिरामणला तो तोंडपाठ होता. कोणाच्या गुंडाला पोचा आहे, कोणाच्या गुंडावर माहेरचं नाव कोरलंय, कोणी लबाडीनं रिकामा डबा मधेच सरकवलाय, हे त्याला नुसत्या नजरेनं कळायचं. अठ्ठावीस वर्षांत त्यानं एकाही बाईचा गुंड हलू दिला नव्हता, अध्यक्षांच्या मामीचासुद्धा नाही.

त्याला सरळ माणूस म्हणायचे लोक. सरळ माणसाची एक खोड असते, त्याला वरून नियम लागतो. नियम हाती असला की तो वाघ, आणि नियमच डळमळला की त्याच्यासारखा बावळट कोणी नाही. दोन हजार एकवीसच्या उन्हाळ्यात हिरामणचं नेमकं असंच झालं.

सकाळी एक आदेश यायचा, संध्याकाळी दुसरा. किराणा दहापर्यंत, नाही बारापर्यंत, नाही फक्त घरपोच. वर हिरामणच्या हाती चालानाची वही दिली गेली. मास्क नसेल त्याला शंभर रुपये दंड. मास्क नसेल तर गमछा चालेल, असं साहेब म्हणाले. मग पदर चालेल का? हिरामणनं विचारलं. साहेबांनी मोठ्या साहेबांना फोन लावला, फोन लागला नाही, आणि पदराचा निकाल आजतागायत लागलेला नाही. त्याच आठवड्यात कापसाचे व्यापारी भैय्याजी यांच्या पुतण्याचं लग्न मंडप घालून झालं. तीनशे माणसं, एकाच्याही तोंडाला फडकं नाही. हिरामण वही घेऊन फाटकापर्यंत गेलासुद्धा. तिथे त्याला निरोप मिळाला, ‘त्यांची परवानगी आहे.’ परवानगी लग्नाची होती की विषाणूची, हे विचारायचं त्याच्या जिभेवर आलं होतं. तो गिळून परत आला.

आणि परतताना, मनात तोच जाळ घेऊन, त्यानं देवकाबाईला पकडलं.

देवकाबाई सावरगावची. साठी उलटलेली, एकटी. जाम नदीच्या पुलाजवळ पोतं अंथरून सांभार, म्हणजे कोथिंबीर, आणि लिंबं विकायची. पदर तोंडाला गुंडाळलेला होता, पण हिरामण आला नेमका तेव्हा तिनं तो खाली ओढून तांब्या तोंडाला लावला होता.

“चालान लागन, मावशी.”

“काहून? पानी नाकानं पेऊ का?”

आजूबाजूचे हसले. लग्नाच्या फाटकावरून अपमान गिळून आलेल्या माणसाला हे हसणं झोंबलं. देवकाबाई काही केल्या पैसे काढेना. म्हणाली, भैय्याजीकडून घेतले का तुनं? आधी त्याईचे आन, मंग माह्याकडे ये. खरं बोलली ती. आणि खऱ्याला उत्तर नसलं की माणूस खोट्याचा हात धरतो. हिरामण ठासून बोलला, “चालान नाही भरलं तं लसीचा टीका भेटणार नाही. वरतून आदेश आला हाय. नाव लिहून घेतलं तुह्यं.”

असा आदेश कुठूनच आला नव्हता. तो हिरामणच्या तोंडातूनच निघाला होता. देवकाबाईनं तरी पैसे दिले नाहीत, पण तिचा चेहरा उतरला. हिरामणला वाईट वाटायला हवं होतं. त्याला बरं वाटलं. पुढचे तीन दिवस त्यानं हीच धमकी आणखी पाचसात जणांना दिली. लोक निमूट पैसे काढू लागले. होता होता त्याचं त्यालाच नक्की सांगता येईना, की हा नियम आपण केलाय की खरंच कुठल्या कागदात वाचलाय. इतके कागद येत होते, त्यात एखादा असेलही!

चौथ्या दिवशी शाळेत लसीचं शिबीर लागलं. पंचेचाळीसच्या वरच्यांसाठी ऐंशी डोस, आणि लाइनीचा बंदोबस्त अर्थातच हिरामणकडे. एप्रिलपर्यंत सुईचं नाव काढलं की लोक शेतात पळायचे. मग एका पंधरवड्यात गल्लीगल्लीतून तिरड्या निघाल्या, आणि आता तीच माणसं पहाटेपासून दारात. अंतरासाठी पटांगणात चुन्याचे गोल आखलेले होते, पण मे महिन्याच्या उन्हात त्या गोलात उभं कोण राहणार? हिरामणनं हुकूम सोडला, “ज्यानं त्यानं आपला गुंड मांडा अन सावलीत बसा. नंबर कुठी जात नाही.”

गावाला हे लगेच समजलं. पाहता पाहता पटांगणात गुंडांची, कॅनींची, बादल्यांची रांग लागली. भैय्याजींच्या गड्यानं चार बादल्या आणल्या, त्यातल्या तीन हिरामणनं उचलून बाहेर ठेवल्या. तेव्हा टाळ्यासुद्धा पडल्या. पण गुंड न आणता आलेले, पंच्याऐंशीव्या-नव्वदाव्या नंबरवर उन्हात प्रत्यक्ष उभे असलेले लोक खवळले. एक गुरुजी ओरडले, “टीका माणसाले लावता का पितळेले?” भैय्याजी गाडीतूनच म्हणाले, “ज्यानं दंड भरला, त्याले आधी द्या. कायदा पाळणाऱ्याले काही तं भाव असला पाहिजे!” त्यावर कोणी म्हणालं, मग तुमच्या मांडवातले तीनशे लोक कुठी उभे करायचे? तास दीड तास नुसती जुंपली होती. हिरामण दोन्ही बाजू ऐकत होता आणि त्याला दोन्ही पटत होत्या. हीच तर पंचाईत होती.

आता रांगेचा शेवट सांगायला हवा, कारण सगळं तिथेच अडलं. ऐंशीव्या गोलात पोचा पडलेला एक जुना पितळी गुंड होता. देवकाबाईचा. आणि एक्क्याऐंशीव्या गोलात स्टीलचा चकचकीत गुंड, हिरामणच्या बायकोचा.

कुसुमला बारा वर्षांपासून साखरेचा आजार होता. त्या महिन्यात शेजारच्या दोन साखरवाल्या बाया नागपूरला नेल्या, त्यातली एक परत आली नाही. हिरामण रोज कुसुमच्या कपाळाला हात लावून मगच कामावर निघायचा. त्यानं मनात आणलं असतं, तर तिचा गुंड पहाटे पहिल्या गोलात मांडला असता. पण अठ्ठावीस वर्षांची खोड आडवी आली, आणि ती घरचं आवरून आपल्या पायानं आली, तेव्हा एक्क्याऐंशीवी ठरली.

दुपारी सुचिता सिस्टरनं शेवटची शिशी फोडली. एका शिशीत दहा डोस. नऊ दिले गेले. तिनं खिडकीतून हाक दिली, “ऐंशी नंबर!”

कोणी उठलं नाही. पितळी गुंड उन्हात तापत पडला होता, त्याची मालकीण कुठे दिसेना.

“हिरामणभाऊ, फोडलेली शिशी जास्त वेळ राहात नाही. नंबर नसन तं पुढचा पाठवा,” सिस्टर म्हणाली. सगळे कुसुमकडे पाहू लागले. कुसुमही उठून उभी राहिली होती. गुरुजीसुद्धा म्हणाले, द्या वहिनीले, वाया कायले घालवता? हिरामणचं तोंड ‘चाल’ म्हणायला उघडलं होतं. गुंड आहे, तर बाई आहे. पण बाई कुठे आहे? बाई नसताना गुंडाला नंबर कसला? आणि गुंडाला नंबर नाही म्हटलं, तर सकाळपासून आपण केलं ते काय? त्याच्या डोक्यात नुसता भुगा झाला.

तेवढ्यात पाण्याला गेलेली एक बाई सांगत आली, की देवकाबाई शाळेच्या मागे भिंतीच्या सावलीत बसली आहे. “येत नाही म्हणते. चालान भरलं नाही म्हणून टीका भेटत नाही, असं म्हणून राहिली. गुंड कायले मांडला म्हटलं, तं म्हणे, कोनाले दया आली तं.”

हिरामणला कानशिलात बसल्यासारखं झालं. गप्प राहिलं की पुरे होतं. कोणाला कळणार नव्हतं. भैय्याजींना तर हा नियम फारच आवडला असता. आणि गप्प राहिलं की कुसुम वाचत होती. सिस्टरनं पुन्हा हाक मारली, तेव्हा तो भिंतीमागे गेला. निम्मं पटांगण त्याच्या मागे.

“मावशी, चाल. तुह्या नंबर लागला.”

“चालान?”

“चालानाचा काही संबंध नाही. असा नियम नाही. मी खोटं बोललो होतो.”

मागे एकच गलका झाला. धमकीला भिऊन ज्यांनी पैसे भरले होते, ते आता वहीवर धावले. पण देवकाबाई जागची हलली नाही. ती त्याच्याकडे बारीक डोळ्यांनी पाहात राहिली.

“त्या दिवशीबी तू असाच ठासून बोलला होता,” ती म्हणाली. “आता कोनतं खरं मानू? आत नेशीन अन चारचौघात पैसे मांगशीन. नाही येत मी.”

हिरामणनं आईची शपथ घातली, पोरांची घातली. ती मान हलवत राहिली. मग गर्दीत तिला कुसुम दिसली.

“कुसुमबाई, तू सांग वं. तू खोटं नाही बोलत. चालान भरल्याबिगर टीका भेटते का?”

हिरामण बायकोकडे बघत होता. तिनं काय म्हणावं असं आपल्याला वाटतंय, हे त्याला कळेना. हो म्हण, असं वाटलं. नाही म्हण, असंही वाटलं. दोन्ही एकाच वेळी वाटत होतं, आणि त्याची त्याला इतकी लाज वाटली की त्यानं मान खाली घातली.

कुसुमनं पदर नीट केला. “खोटं हाय, माय. माह्या नवऱ्याचं खोटं हाय. ऊठ.” आणि तिनं म्हातारीचा हात धरून तिला आत नेलं.

वहीचं पुढे बरंच झालं. हिरामणला कारणे दाखवा नोटीस मिळाली. भैय्याजींच्या मते त्यानं शासनाची अब्रू घालवली, गुरुजींच्या मते त्यानं ती राखली. गुंडांची रांग पुढच्या शिबिरात बंद झाली आणि माणसं उन्हात उभी राहिली. दोघांना चक्कर आली, तेव्हा तेच गुरुजी म्हणाले, गुंडच बरे होते. हिरामणनं मत देणं सोडून दिलं होतं.

लसीची पुढची खेप अकरा दिवसांनी येणार होती. त्या अकरा दिवसांत त्याचा हात कुसुमच्या कपाळावरून हलत नव्हता. पाचव्या दिवशी सकाळी चहा पिता पिता तिनं त्याचा हात बाजूला केला.

“एक सांगू? मले बी वाटलं होतं, हो म्हणाव. हो, चालान लागते म्हणाव. जिभेवर आलं होतं.”

हिरामण चरकला. “मंग काहून नाही म्हटलं?”

“कशी म्हणू?” कुसुम म्हणाली. “तिनं तुमाले सोडून मले विचारलं होतं.”