दीपूच्या गिटारवरचा मळ

दीपूला जाऊन आज वर्ष झालं, आणि त्याच्या बोटांचा मळ आज दुपारी मी खरवडून काढला.

ज्यांना दीपू माहीत नाही त्यांच्यासाठी. तोंडवलीला समुद्राला लागून त्यांचा होमस्टे आहे. दुपारी सुरमई, संध्याकाळी गिटार. गेल्या वर्षी हार्ट अटॅकने गेला. चाळिशीही गाठली नव्हती.

मी नांदगावला गिटारचे क्लास घेतो. शनिवारी बाइक काढायची आणि त्याच्याकडे जायचं, हे ठरलेलं. टुरिस्ट जेवत असायचे, आम्ही वाजवत असायचो.

खरं सांगायचं तर दीपू काही चांगला वाजवायचा नाही.

मोजके कॉर्ड यायचे. त्यात बसेल ते गाणं बसवायचा, आणि न बसणारं दाबून बसवायचा. आवाज मात्र असा होता की लोक घास हातात धरून ऐकायचे.

आमचं भांडण एकाच गोष्टीवरून. फ्रेटबोर्ड.

म्हणजे तारांखालची ती लांब लाकडी पट्टी, जिच्यावर बोटं दाबतात. वाजवून झालं की तिथे घाम राहतो. त्यात आपल्याकडची खारी हवा. तारा गंजतात, लाकूड सुकतं, धातूच्या आडव्या पट्ट्यांच्या कडेला काळा थर बसतो.

क्लासमध्ये पहिल्याच दिवशी मी हे शिकवतो. वाजवून झालं की कोरड्या फडक्याने पुसायचं. पोरं ऐकतात. दीपू ऐकायचा नाही.

एकदा माझ्या कटकटीला कंटाळून त्याने फोनवर सांगितलं की केलं बाबा साफ, लाकडाला तेलही दिलं.

शनिवारी गेलो तर दारातच वास आला.

होडीला लावतात ते माशाचं तेल. त्यांच्या घरात लाकूड म्हटलं की तेच. होडीला, वल्ह्याला, आणि आता गिटारला.

मी डोक्याला हात लावला. हा थंड.

"आजाची होडी ह्या तेलार टिकली रे. हिका काय धाड भरली?"

पुढे कितीतरी दिवस वाडीतली मांजरं त्या गिटारभोवती घुटमळत होती.

तो गेल्यावर मी तोंडवलीला जाणं सोडलं. क्लास चालू होते, पण स्वतःसाठी म्हणून गिटार हातात घेतली नाही. नकोच वाटायचं.

परवा काकींचा फोन आला. काकी म्हणजे दीपूची आई. वर्षश्राद्धाला ये म्हणाल्या, आणि येताना गिटार साफ करायचं सामान आण. गिटार तुलाच द्यायची आहे.

आज गेलो. पंगती उठल्यावर काकींनी गिटार आणून पुढ्यात ठेवली. तारा गंजून तांबड्या. काळा थर जसाच्या तसा.

मी सामान पिशवीतून काढलंच नाही. म्हटलं, काकी, आहे तशी नेतो. हा मळ त्याच्या हातचा आहे.

"घाण ती घाण. तेची असली म्हणान काय झाला?"

मी गिटार उचलायला गेलो.

"तू व्हरशीत आणि भिंतीक टांगशीत. हार घालूक तेचो फोटो आसा माझ्याकडे. ही वाजाक व्हयी."

मग शांतपणे सांगत राहिल्या. होडी पाण्यात घातली नाही की फळ्या उलतात, हिचंही तेच होणार. घरात वाजवणारं कोणी उरलं नाही. वाजवणार असशील तर ने, नाहीतर दुसरा कोणी बघते.

त्यांचा आवाज जराही हलला नाही. माझा हलला असता, म्हणून मी सामान काढलं.

तारा सैल केल्या, काढल्या. जुन्या एटीएम कार्डाच्या कडेने थर खरवडला. लाकडावर चिकटपट्टी लावून धातूच्या पट्ट्या बारीक स्टीलवूलने घासल्या. मग तेल, तेही गिटारचं, आणि अगदी थोडं. फडक्यावर घ्यायचं, लाकडावर ओतायचं नाही. लगेच कोरडं पुसायचं.

काकी समोर बसून बघत होत्या.

फडकं काळं झालं. मला वाटलं, ते तरी त्या जपून ठेवतील. त्यांनी उचललं आणि धुणं भिजत घातलं होतं त्या बादलीत टाकलं.

लाकूड स्वच्छ झालं तेव्हा दिसलं. वरच्या दोन-तीन घरांत, म्हणजे पट्ट्यांच्या मधे बोटं दाबायची तिथे, खळगे पडलेत. मेला किती जोरात दाबायचा. मळाने भरले होते म्हणून इतकी वर्षं मलाही दिसले नव्हते.

काकींनी त्यावरून बोट फिरवलं. भरता येतात का, विचारलं. म्हटलं येतात, बारीक भुसा आणि गोंद घालून.

"रवांदे," म्हणाल्या. "तू वाजय."

नव्या तारा चढवल्या, सूर लावले, वाजवलं. मध्येच रडू आलं. थांबलो नाही, कारण काकी उठल्या नव्हत्या.

संध्याकाळी निघालो. गिटार पाठीला. बाइक सुरू केली तर काकी फाटकापर्यंत आल्या.

मला वाटलं, सावकाश जा म्हणतील.

"शनवारा येशीत तेवा हिका घेवन ये."

वर्षभर मी गेलो नाही, याबद्दल त्या एक अक्षर बोलल्या नव्हत्या. आत्ताही नाही. गिटार मला का दिली, ते मला फाटकात कळलं.

येतो म्हटलं.

दीपू, शनिवारी आम्ही तुझ्या अंगणात आहोत. तुला अखेरचा नमस्कार, मित्रा.