मध्येच बाहेर जाणारी

आमच्या बॅचमधल्या बायकांच्या खोडी मला तोंडपाठ आहेत. मुलुंडला घराजवळ एक तरणतलाव आहे, तिथली ही सकाळची बायकांची बॅच, सगळ्या चाळिशीच्या पुढच्या. एक जण उतरण्याआधी ओंजळभर पाणी डोक्यावर घेऊन डोळे मिटते, तलाव नसून गोदावरीच असल्यासारखी. दुसरी गॉगलच्या काचेवर थुंकून बोटानं पुसते. तिसरी मंगळसूत्र कॉस्च्युमच्या आत सेफ्टी पिननं अडकवते. आणि शिकवणाऱ्या मॅडम रोज ओरडत असूनही केसांना खोबरेल चोपडून येणारी एक आहेच. जित्याची खोड, दुसरं काय!

माझी खोड म्हणजे मध्येच बाहेर जाणं. दुसऱ्या बाळंतपणापासून मला लघवी धरून ठेवता येत नाही, गार पाण्यात तर मुळीच नाही. थोडं पोहून झालं की शिडी धरून वर यावंच लागायचं. निथळत त्या टोकाच्या संडासापर्यंत जायचं, अंगाला चिकटलेला कॉस्च्युम सोलून काढायचा, तसाच ओला पुन्हा चढवायचा, शॉवरखाली उभं राहायचं आणि परत यायचं. "आल्या बघा आपल्या पाहुण्या," असं कोणीतरी म्हणायचं आणि सगळ्या हसायच्या. सगळ्यांत मोठ्यानं माझी मैत्रीण हसायची. तेव्हा मला त्यातही प्रेमच दिसायचं.

मैत्रीण नाहूरची. पोहायला शिकायचं खूळ तिचंच. स्कूटरवरून येताना ती मला बिल्डिंगखालून घ्यायची आणि पोहून झालं की टपरीवर आमचा चहा व्हायचा. तिथंच एकदा मी तिला सगळं सांगितलं. बाळंतपणाचं, डॉक्टरांचं, जे नवऱ्यालाही नीट सांगितलेलं नव्हतं तेसुद्धा. मग विचारलं, "तुम्ही सगळ्या एवढा वेळ धरता तरी कशा गं?"

चहा फुंकत ती म्हणाली, "सवय गं. कंट्रोल लागतो ना."

म्हणून मी कंट्रोल आणायला निघाले. सकाळचा चहा सोडला. आम्ही मूळचे रत्नागिरीकडचे, आमच्या घरात चहा सोडणं म्हणजे संन्यास घेणं! रात्रीच्या जेवणानंतर पाणी बंद केलं. तरी बाहेर जाणं चुकलं नाहीच, वर पायात गोळे यायला लागले. एकदा तर भर खोल पाण्यात पोटरी आखडली. मैत्रिणीनंच मला काठाला ओढलं, पोटरी चोळून दिली आणि म्हणाली, "पाणी कमी पितेस की काय? वेडीच आहेस."

तेवढ्यात चाळिशीवरच्यांची एक स्पर्धा जाहीर झाली. रिलेला चौघी हव्या होत्या. वेगात मी दुसरी होते, हे सगळ्यांना माहीत होतं. शाळेत मी खेळणाऱ्या मुलींच्या चपला सांभाळत बसायचे, कुठल्याच संघात कधी माझं नाव आलं नाही. या चौघींत यावं, असं मला फार वाटत होतं. अगदी लहान मुलीसारखं वाटत होतं.

मॅडमनी नावं सांगितली. माझं नव्हतं. माझ्या जागी पाचव्या नंबरची आली होती, म्हणजे माझी मैत्रीण.

मी विचारायला गेले तर मॅडमनी आवाज खाली आणला. "ताई, तुमचा प्रॉब्लेम कळला मला. तिथं खूप वेळ रांगेत थांबावं लागतं. तुमची फजिती नको, असं तुमची मैत्रीणच म्हणाली."

कपडे बदलायच्या खोलीत मी तिला गाठलं. ती केस पुसत होती.

"अगं, तुझ्या भल्यासाठीच बोलले ना! तिथं वाट लागली असती तुझी."

"मला विचारलंस?"

"आणि तू पण ना यार! बाहेर कशाला पळतेस रोज? पाण्यातच करायचं. सगळ्या करतात."

"सगळ्या?"

"मग? एवढा वेळ कोण धरून ठेवतं? क्लोरीन कशाला टाकतात मग?" आणि ती हसली. तेच हसणं.

रिलेसाठी तिनं लबाडी केली, ती मी एक वेळ गिळली असती. जिंकायची हाव कोणाला नसते? पण मी चहा सोडला ते तिनं पाहिलं होतं. माझी आखडलेली पोटरी तिनं स्वतःच्या हातानं चोळली होती. मी आरशासमोर माझ्याच शरीराला शिव्या घालते, हेही तिला ठाऊक होतं. आणि 'सगळ्या पाण्यातच करतात' एवढं एक वाक्य तिच्या तोंडून निघालं नाही. केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच. मला खूप रडू आलं, आणि तिच्यासमोर आलं म्हणून आणखी राग आला.

स्पर्धेला मी गेले नाही. आमच्या नेहमीच्या लेनमध्येही परत गेले नाही, शिकाऊ बायकांच्या लेनमध्ये उतरायला लागले. मैत्रीण मधल्या दोरीवर हात टेकून विचारायची, "किती दिवस रुसणार गं?" मी गॉगल लावायचे.

मागच्या आठवड्यात एक नवीन बाई आली, माझ्याच वयाची. काठाला धरून किक मारता मारता ती थांबली, माझ्याजवळ सरकली आणि कानात पुटपुटली, "ताई, मध्येच जायचं झालं तर काय करतात हो इथं? सगळ्या हसतील का?"

पलीकडच्या लेनमधून मैत्रीण आमच्याकडेच बघत होती.

"हसू देत," मी म्हटलं. "चला, मलाही जायचंय."

आम्ही दोघी शिडीवरून वर आलो आणि ओल्या फरशीवरून हात धरून चालत गेलो. मला खरं तर जायचं नव्हतं. इतकं साधं होतं ते, आणि माझ्यासाठी मैत्रिणीनं ते एकदाही केलं नव्हतं.