बॅटरीच्या जागी पुठ्ठा

नमस्कार मंडळी. या धाग्यावर मी बरेच दिवस नुसती वाचक आहे. खरं सांगायचं तर इथले किस्से मी टाइमपास म्हणून वाचायचे आणि मनातल्या मनात हसायचे. मी शाळेच्या ऑफिसात नोकरी करते, घरी आजारी वडील. भूत असलंच तर त्यानं निदान भांडी तरी घासून जावं, असं मी नवऱ्याला म्हणायचे. आजही भुतांवर माझा विश्वास नाही. पण मागच्या एप्रिलमध्ये जे झालं ते कुठे बसवायचं हेच कळत नाही... म्हणून लिहितेय. जरा लांबण लागेल, सांभाळून घ्या.

आम्ही नाशिकला पाथर्डी फाट्याजवळ राहतो. मी, माझा नवरा प्रकाश आणि माझे वडील, म्हणजे अण्णा. अण्णांची सगळी नोकरी सिन्नर एमआयडीसीत झाली, एका कारखान्याच्या वजनकाट्यावर. ट्रक आला की वजन करायचं, पावती फाडायची. रोज नाशिकहून एसटीनं जाणं-येणं. आणि पोचले की घरी एक मिस्ड कॉल. एकच रिंग. ती उचलायची नाही, हा आमच्या घरचा कडक नियम. उचलली की आई ओरडायची – “पैसे पडतात ना!” एक रिंग म्हणजे ‘पोचलो’. बस्स. माझ्या लग्नानंतरही अण्णा कुठेही गेले तरी मला ती रिंग यायची.

आता अण्णांच्या त्या मोबाईलचं सांगते, कारण सगळं त्याच्यावरच आहे. तेव्हा एक कंपनी फोन आणि नंबर एकत्रच विकायची. सेट त्या कंपनीला जखडलेला, त्यात दुसऱ्या कोणाचं सिम चालायचंच नाही. पुढे ती कंपनीच बंद पडली. मी अण्णांचा नंबर दुसऱ्या कंपनीत पोर्ट केला, त्यांना नवा फोन आणला. तोवर त्यांचं विसरणं सुरू झालं होतं. नवा फोन हातात घेऊन म्हणाले, “हा माझा नाही.” विषय संपला. जुना डबडा खिशातून काढायला तयार नाहीत. हौस म्हणून मी दुकानात नेऊन त्यात नवं सिम घालून बघितलं. दुकानदार हसला. “ताई, हा सेट दुसरं नेटवर्क धरणारच नाही. द्या असाच, खेळू द्या बाबांना.”

मग त्याची बॅटरी फुगली. मी ती काढून टाकली, तर खिसा हलका लागतो म्हणून अण्णा दिवसभर कावरेबावरे. शेवटी औषधाच्या खोक्याचा पुठ्ठा घड्या घालून बॅटरीच्या जागी दाबून बसवला आणि झाकण लावलं. तेव्हा कुठे शांत झाले.

नवा फोन, म्हणजे अण्णांचा खरा नंबर, माझ्या पर्समध्ये असतो. पेन्शन, गॅस, बँक... सगळ्यांचे ओटीपी त्यावरच येतात ना.

तर त्या दिवशी. शनिवार होता, शाळा अर्धी. मी घरी आले तर दार सताड उघडं आणि अण्णा नाहीत. सांभाळायला येणाऱ्या मावशी गच्चीवर कपडे वाळत घालायला गेल्या होत्या, तेवढ्यात निघून गेले. चपला दारातच. मावशी रडायला लागल्या. मला रडूही येईना. इतकी थकले होते की पहिल्यांदा मनात आलं, आता परत शोधायचं... आधी दोनदा असेच गेले होते, पण कोपऱ्यावरच्या देवळात सापडले होते. या वेळी देवळात नाहीत, बागेत नाहीत, कुठेच नाहीत. बाहेर ऊन असं की रस्त्यावर कुत्रं दिसेना. म्हाताऱ्या माणसाला असल्या उन्हात काय होतं ते सांगायला डॉक्टर लागत नाही.

प्रकाश स्कूटरवर गल्ल्या फिरत होता. मी पोलीस चौकीत गेले. तिथल्या हवालदार बाई नीट बोलल्या, हे सांगायला हवं. “फोटो हाय का बाबांचा?” म्हणाल्या. फोटो अण्णांच्या नव्या फोनमध्ये होता. मी तो फोन पर्समधून काढून टेबलावर ठेवला, फोटो उघडून दिला. “मोबाईल आहे का त्यांच्याकडं?” मी म्हटलं, “हाच त्यांचा. त्यांच्याकडे आहे तो बंद आहे.”

आणि माझा फोन वाजला. स्क्रीनवर नाव – अण्णा.

टेबलावरचा फोन तसाच होता. अण्णांचा फोटो दाखवत, गप्प. हवालदार बाईंनी माझ्या स्क्रीनकडे बघितलं, मग टेबलाकडे. म्हणाल्या, “उचला की.”

मी उचलला. पलीकडून रस्त्यावरच्या गाड्यांचा आवाज आणि मग अण्णा. आत्ताचे अडखळणारे नाहीत हो. काट्यावरचे अण्णा. खणखणीत.

“ठमे, म्हातारा इथं काट्यापाशी बसलाय. पायात चपला नाहीत. येऊन घेऊन जा.”

ठमी मला फक्त अण्णा म्हणायचे. दीड-दोन वर्षं झाली, ते नाव घरात कोणी घेतलं नव्हतं. मला ते हल्ली ‘बाई’ म्हणतात. मी म्हटलं, “अण्णा, तुम्ही कुठून बोलताय?”

“रागावू नकोस त्याला. आणि तू जेवून घे आधी, तोंड सुकलंय तुझं.”

फोन कट. मी उलटा लावला तर टेबलावरचा फोन वाजायला लागला. हवालदार बाई खुर्ची थोडी मागे घेऊन बसल्या. मग एवढंच म्हणाल्या, “काटा कुठला ते माहिताय ना? मग जा लवकर, मी सिन्नरला कळवते.”

प्रकाशला बोलावून घेतलं, शेजाऱ्यांची गाडी घेतली. तो कारखाना बंद होऊन जमाना झाला. गेटला कुलूप, काट्यावर गवत. गेटबाहेर पत्र्याच्या शेडखाली एक बाक आहे, त्यावर अण्णा बसलेले. अनवाणी, तळवे भाजलेले, ओठ फुटलेले, पण जिवंत. एसटीनं आले असावेत. वय पंच्याहत्तरच्या वर, आधार कार्ड खिशात, तिकीट लागत नाही. मी त्यांना पाणी पाजलं आणि मग मात्र रडले. लाज न बाळगता, भर रस्त्यात.

अण्णा मला म्हणाले, “बाई, रडू नका. माझी मुलगी येतेय न्यायला. तिला कळवलंय.”

“कोणी कळवलं?”

त्यांनी बाकाच्या रिकाम्या टोकाकडे हात केला. “हे होते ना आत्ता. काट्यावरचे. माझा फोन मागून घेतला. सज्जन माणूस.”

प्रकाशनं त्यांच्या खिशातून तो डबडा काढला, झाकण उघडलं. आत पुठ्ठा. माझ्याच हातच्या घड्या.

भाचा कॉम्प्युटरवाला आहे. म्हणाला, “मावशी, दुसऱ्याचा नंबर दाखवून फोन करता येतो, फ्रॉडवाले करतात.” करत असतील. पण कोणता फ्रॉडवाला मला जेवून घे म्हणेल? कस्टमर केअरच्या मुलीनं मला बराच वेळ गाणं ऐकवलं आणि मग असा कॉल त्यांच्याकडे दिसतच नाही म्हणाली. माझ्या फोनमध्ये तो अजून दिसतो.

त्याच संध्याकाळचं राहिलं. अण्णांच्या तळव्यांना मलम लावून मी त्यांना खुर्चीत बसवलं होतं, वरणभात भरवत होते. त्यांचा नवा फोन समोर फ्रिजवर, चार्जिंगला. माझा फोन ओट्यावर वाजला. नाव – अण्णा. माझ्या एका हातात वाटी, दुसऱ्या हातात चमचा. आणि मी काय केलं सांगू? काहीच नाही. जन्माची सवय. एक रिंग आली की उचलायची नसते.

एकच रिंग झाली आणि थांबली.

अण्णा माझ्यासमोर जेवत होते. मग पोचलं कोण, आणि कुठे, हे मला आजही माहीत नाही. त्यानंतर त्या नंबरावरून मला एकही फोन आलेला नाही. अण्णा आता कारखान्याचं नाव काढत नाहीत, काट्याचंही नाही. मी अजून त्यांच्यावर कधीकधी ओरडते, थकले की ओरडते, मग मलम लावते. ते म्हणतात, “बाई, तुम्ही जेवलात का?”

उचलायला हवा होता तो फोन. पैसे पडले असते तरी.