बाबलच्या नंबरभोवतीचे एक्केचाळीस गोल

"यादीवर चढलेलं नाव उतरत नाही. का, ते विचारायचं नाही." नोकरीच्या पहिल्या दिवशी कामतसरांनी मला हे सांगितलं आणि मग दोन चहा मागवले.

जिथे 'का' विचारायचं नसतं तिथे किस्से फार साचतात हो! दोन वर्षांत माझ्याकडे इतके साचलेत की ते पोटात घेऊन फिरणं कठीण झालंय. आमचं ऑफिस पेडण्यात आहे, नाव सांगत नाही. विमानतळावरून आणि किनाऱ्यावरून देशात कोण येतं, कोण जातं, त्याची माहिती चाळायची आणि त्यात कुठे धोका दिसतो का ते लिहायचं, हे माझं काम. बंदूक नाही, जीप नाही. एक्सेल आहे.

आज मोकळेपणानं सांगते आहे, कारण पार्सेचा उमेश परवा वेळेत विमानात बसला. उमेश तारवटी, म्हणजे जहाजावर काम करणारा. स्वयंपाकी आहे. चार वर्षं तो आमच्या संशयितांच्या यादीवर होता. दर वेळी निघताना त्याला बाजूला घ्यायचे, तेच प्रश्न विचारायचे. गेल्या वर्षी इतका वेळ घेतला की जहाज त्याला न घेताच गेलं. कंपनीनं सांगितलं, पुन्हा असं झालं तर येऊच नकोस. त्यामुळे या वर्षी त्याचा कागद माझ्या टेबलावर आला, तेव्हा त्याची नोकरीच टेबलावर आली होती.

पण ते शेवटी सांगते.

*

आमचं काम गुप्त. घरी सांगायचं नाही, शेजारी सांगायचं नाही. मी सगळ्यांना सांगितलं, "डेटा एंट्री करते."

तिसऱ्या दिवशी बसचा कंडक्टर भर गर्दीत ओरडला, "ओ सीआयडी बाय, तुझो स्टॉप इलो!"

आठवड्याभरात डिचोलीची मावशी घरी आली. पिशवीतून एका मुलाचा फोटो काढला. "आमच्या शिल्पाक सांगून आयला. जरा कंप्युटरात घालून बघ मगो."

"मावशी, मी असलं काही करत नाही. मी डेटा एंट्री करते."

मावशीनं आईकडे बघितलं. "बघ गो, किती बरी शिकवण दिलीहा तेंनी! तोंड उघडणा नाय."

*

पहिला रिपोर्ट मी जीव ओतून लिहिला. कामतसरांनी लाल पेन घेतलं. 'मला वाटतं' खोडलं. 'नक्की' खोडलं. 'नाही' तर दोनदा खोडलं! सगळीकडे एकच वाक्य घातलं: 'शक्यता नाकारता येत नाही.'

"सर, पण यात धोका नाहीये."

"नाही असं लिहिलंस आणि उद्या काही झालं तर? तीस वर्षं नोकरी केली मी. आजवर एकही शक्यता नाकारलेली नाही."

दुपारी मी कँटीनला निघाले. विचारलं, "सर, आज बांगडा असेल का?"

सर फाईलमधून मान वर न काढता म्हणाले, "शक्यता नाकारता येत नाही."

*

मी लागले त्याच वर्षी आमचे साहेबही नवीन आले, उत्तरेकडून. ऑगस्टच्या शेवटी सॉफ्टवेअर लाल झालं. आखातातून आणि जहाजांवरून एकटे पुरुष येताहेत, शेकड्यांनी! सगळे याच तालुक्यांतले. साहेबांनी तातडीची मीटिंग लावली, दार बंद केलं.

मी हात वर केला. "सर, चतुर्थी है. सब घर आते हैं."

साहेबांना पटलं नाही. "कितने दिन रुकेंगे?"

"कोणी दीड दिवस, कोणी पाच, कोणी सात. जिसके घर जितने दिन का गणपती."

कामतसर शेजारीच बसले होते. त्यांच्या स्वतःच्या घरी पाच दिवसांचा गणपती! गणपतीच्या डोक्यावरच्या माटोळीला बांधायची फळं सकाळीच त्यांच्या स्कूटरला लटकलेली मी बघितली होती. मी त्यांच्याकडे आशेनं बघितलं. ते छताकडे बघत होते.

साहेबांनी फळ्यावर लिहिलं: 'तीन अलग-अलग गुट.'

*

आता गेल्या वर्षीचा किस्सा. उमेश जहाजावर परत निघाला होता. यादीवरचं नाव, म्हणून बॅग उघडली. आत प्लॅस्टिकचं पाकीट, पाकिटात काळसर, चिकट, सुकलेलं काहीतरी. ते सीलबंद करून आमच्याकडे वर पाठवलं.

पाकीट खोलीत आलं आणि सगळ्या खोलीला वास आला. सोलं! पेडण्यातलं शेंबडं पोर डोळे मिटून सांगेल. कामतसरांनी दीर्घ श्वास घेतला, चेहऱ्यावर समाधान पसरलं, आणि त्यांनी लिहिलं: 'अज्ञात काळसर पदार्थ.'

"सर, आमसुलं आहेत ती!"

"मला माहीत आहे. पण माझ्या नाकाला अधिकार नाहीत."

पाकीट प्रयोगशाळेत गेलं. उमेश बाकावर बसून राहिला. त्या दिवशीचं विमान गेलं, मागोमाग पलीकडे त्याचं जहाजही गेलं. आठ दिवसांनी रिपोर्ट आला: 'आमसूल. खाण्यास योग्य.'

उमेश पाकीट न्यायला आला, ते द्यायला मीच खाली गेले. उमेशनं ते हातात तोलून बघितलं. "मॅडम, हातूतली अर्दी खंय गेली?"

मी वर येऊन कामतसरांना विचारलं. ते म्हणाले, "तपासणीत नमुना खर्च होतो."

*

खरी गंमत आणखी पुढे आहे. त्याच वर्षी यादीच्या वार्षिक पाहणीला उमेशचा कागद माझ्यापुढे आला होता. शेवटचंच पान. 'परिस्थितीत बदल नाही', खाली सह्या. आमच्याकडे रीत अशी की आधीच्यानं सही केली असेल तिथे नव्यानं सही करायची. मागची पानं कोणी उघडत नाही. मीही नाही उघडली. केली सही! एवढी शिकलेली, एवढी तोंडाळ मी, आणि चहा थंड होईल म्हणून सही करून मोकळी झाले.

या वर्षी ऑफिसला रंग काढला. कपाट हलवलं तेव्हा मागून एक गुंडाळी पडली. चार वर्षांपूर्वीचा कामतसरांचा चार्ट. मध्ये एक फोन नंबर, त्याच्याभोवती गोल, प्रत्येक गोलात एक माणूस. परदेशातून येणाऱ्या त्या सगळ्यांनी बुकिंग करताना भारतातला संपर्क म्हणून तो एकच नंबर दिला होता. नंबराखाली लाल शाईत: 'सूत्रधार?' आणि गोलांपैकी एक लाल, उमेशचा, कारण सगळ्यांची तिकिटं त्याच्या ईमेलवरून निघालेली.

मी नंबर वाचला. तो माझ्याही मोबाईलमध्ये आहे. बाबलचा! बाबल म्हणजे पार्सेचा टॅक्सीवाला. विमानतळावरून घरी यायचं तर अख्खा वाडा त्यालाच बोलावतो. फॉर्मवर नंबर मागितला की सगळे त्याचाच देतात, कारण उतरल्यावर फोन लावायचा तर त्यालाच. आणि उमेशला ऑनलाइन बुकिंग जमतं, म्हणून चवथीची तिकिटं सगळ्यांची तोच काढतो.

मी धावत कामतसरांकडे गेले. "सर, हा सूत्रधार टॅक्सी चालवतो! मी ओळखते त्याला!"

कामतसरांनी चष्मा वर केला. "म्हणजे तुझेही संबंध आहेत?"

*

आणि मग या वर्षीची पाहणी. उमेशचं विमान चार दिवसांवर. टेबलापलीकडे साहेब आणि कामतसर, अलीकडे मी. कामतसरांनी शेवटचं पान पुढे सरकवलं आणि पेन उघडून माझ्या हातात दिलं.

मी ते खाली ठेवलं. "मी सही करणार नाही."

"वर माझी आहे. साहेबांची आहे. गेल्या वर्षीची तुझीही आहे."

"माझी चुकली. वाचलं नव्हतं. आता वाचलंय." मी माझी टिप्पणी ठेवली, दीड पान, बाबल आणि तिकिटांसकट. शेवटची ओळ होती: 'धोका नाही. नाव उतरवावं.'

कामतसरांनी सवयीनं लाल पेन काढलं.

"सर, त्या 'नाही'ला हात लावू नका."

"पोरी, पंचवीस वर्षांची आहेस तू." आवाज मऊ होता, समजुतीचा. मला त्या आवाजाचीच चीड येते! "यादीवरून नाव उतरत नाही. आजवर एकही उतरलेलं नाही. उद्या तो उमेश काही करून बसला, तर पहिली तू जाशील. तुझ्या भल्यासाठी सांगतो."

साहेब म्हणाले, "कामतजी ठीक कह रहे हैं. नियम है."

मी चार्ट टेबलावर पसरला. "यात एक्केचाळीस गोल आहेत. मी मोजले. यादीत नावं चाळीस आहेत."

साहेब वाकून बघू लागले.

"अडतिसावा गोल पांढऱ्या शाईनं पुसलाय. पण चार्टची जुनी प्रिंट फाईलमध्येच लावलेली आहे, मागच्या पानांत. कोणी उघडत नाही ना मागची पानं! त्यात अडतीस नंबरला नाव आहे. दुबईहून चवथीला आलेला मुलगा. संपर्क, बाबलचा नंबर. आडनाव कामत." मी सरांकडे बघितलं. "पत्ता तुमच्या घरचा आहे, सर. हे नाव कसं उतरलं?"

साहेबांनी चार्टवरून मान वर केली आणि कामतसरांकडे बघितलं. कामतसरांनी माझ्याकडे बघितलं नाही. लाल पेनाचं टोपण शोधलं, लावलं, पेन खिशात ठेवलं.

"तेच उमेशसाठी करा," मी म्हटलं. "नाहीतर सही मी करणार नाही. या वर्षी नाही, पुढच्या वर्षीही नाही."

साहेबांनी माझी टिप्पणी आपल्याकडे ओढली आणि त्या 'नाही'खाली सही केली. चहा आला, तो कोणी उचलला नाही.