आधी दम, मग कॅरम

तळहात पाठीवर सपाट ठेवायचा आणि म्हणायचा, "आधी दम दाखव, मग कॅरम." हात कसला, फावडंच. बॉयलरवर जन्म गेलेला माणूस. आम्ही त्याला सेक्रेटरी म्हणायचो, कारण कंपनीच्या रिक्रिएशन क्लबची किल्ली त्याच्या कमरेला असायची. क्लब म्हणजे डोंबिवली एमआयडीसीतल्या आमच्या केमिकल कंपनीच्या शेडमागची एक खोली, दोन कॅरम बोर्ड आणि खडखडणारा पंखा. तुमच्याही कंपनीत असा एखादा असेल, बघा आठवून. मी सातवी नापास. घडलं तसं लिहितो.

नियम त्याचाच. शेडच्या कडेनं "कबड्डी कबड्डी" म्हणत एका दमात चालायचं. दम सुटेपर्यंत किती खांब ओलांडले ते तो पाठीवर हात ठेवून, सोबत चालत मोजणार. मागच्या महिन्यापेक्षा कमी भरले तर डॉक्टरकडे धाडणार, तेही स्वतः सोबत जाऊन. एकदा मॅनेजरलाही त्यानं चालवलेलं. अडीच खांब!

"साहेब, तुम्ही आपले बक्षीस वाटायला या," म्हणाला.

मी पावडर पॅकिंगला. दिवसभर पांढरी धूळ. मास्क गळ्यात आणि तंबाखू गालात, असा माझा कारभार. मास्क लावला तर थुंकणार कुठून? माझे सहाचे पाच खांब झाले, पाचाचे चार. मी घाबरलो. दम्याला नाही हो, नोकरीला. डॉक्टरनं अनफिट लिहिलं की घरी बसवतील, हीच भीती. म्हणून चालताना मी मधेच नाकानं हळूच हवा चोरायला लागलो.

पण हात पाठीवर होता ना त्याचा!

"चोरलास," तो म्हणाला.

"नाही रे."

"तिसऱ्या खांबाला पाठ फुगली तुझी. कुणाला फसवतोस? मला की छातीला?"

"तू क्लबवाला आहेस, सोंगट्या मोज. माझ्या घरात येऊ नकोस."

तर रविवारी हा माणूस खरंच घरात आला. चहा घेतला आणि हिला सांगून टाकलं, "वहिनी, ह्याचा दम तीन खांबांवर आलाय."

खांब-बिंब हिला काय कळणार. पण दम कळला. "भाऊजी, दोन जिने चढताना हे तीनदा थांबतात," ती म्हणाली, "आणि मला म्हणतात, तुझ्यासाठी थांबलोय." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "मी काय म्हातारी झालेय?" त्या दिवशी मला जेवण मिळालं, बोलणं नाही.

सेक्रेटरी मॅनेजरकडे चार वेळा गेला. ह्याला पावडरीतून काढा, दुसरीकडे टाका. "जागा नाही," एवढंच उत्तर.

त्याच महिन्यात आमच्या क्लबची कबड्डी टीम पहिल्यांदा फायनलला गेलेली. कंपन्या-कंपन्यांची स्पर्धा, ठाण्याला मैदानात. त्या शिल्डसाठी सेक्रेटरीनं केस पांढरे केलेले. मालक पुढच्या खुर्चीत, शेजारी मॅनेजर इस्त्रीच्या सफारीत. शिट्टी झाली. समोरची टीम उतरली. आमची सात पोरं रेषेबाहेर हाताची घडी घालून उभी.

मॅनेजर धावत आला. "काय तमाशा आहे हा?"

"सात जणांचा दम तयार आहे, साहेब. आठव्याचा तुमच्या पावडरीत गेला. त्याला बाहेर काढतो म्हणा, मालकांसमोर. लगेच उतरतो."

"सोमवारी बघू."

"मग फायनल पण सोमवारीच खेळू."

समोरच्यांना न खेळता शिल्ड मिळाली. आमचा कॅप्टन बूट सोडता सोडता रडत होता. मला जमिनीत जावंसं वाटलं. मी म्हटलं, "अरे, माझ्यासाठी कशाला घालवलीस?" सेक्रेटरी जर्सींच्या घड्या घालत होता. मान वर न करता म्हणाला, "उद्या मास्क नाकावर दिसू दे. तंबाखू दिसली तर दात पाडीन."

सोमवारी क्लबला कंपनीचं कुलूप. सेक्रेटरीनं काय करावं? जेवणाच्या सुट्टीत सगळ्यांना मॅनेजरच्या खिडकीखालून चालवलं. कबड्डी कबड्डी कबड्डी. दुसऱ्या दिवशीही. सेकंड शिफ्टलाही. नवव्या दिवशी मालकांनीच डॉक्टर बोलावला आणि मला गेटजवळच्या स्टोअरला टाकलं. पावडरीत धूळ ओढणारे पंखेही बसले. क्लब मात्र पुढे वर्षभर बंद होता. त्यानं एकदाही मला त्याचं बोलून दाखवलं नाही.

माझा गेलेला दम सगळा आला नाही, पण होता तो टिकला. सोळा वर्षं टिकला. मी आधी जाणार, असं आम्ही नवरा-बायको धरूनच चाललेलो. ती आधी गेली, यंदा. त्यावर मला जास्त लिहिता येत नाही.

दोन महिने मी घराबाहेर पडलो नाही. मग सेक्रेटरीच्या मुलीचा फोन आला. "काका, बाबा कळव्याला ॲडमिट आहेत. छातीचं ऑपरेशन झालंय. म्हणतात, त्याचं रडून झालं असेल तर ये म्हणावं."

गेलो. हा पलंगावर, निम्मा झालेला. प्रत्येक पेशंटला तिथे प्लॅस्टिकचं एक यंत्र देतात. नळीतून श्वास आत ओढला की त्यातल्या तीन रंगीत गोळ्या वर चढतात. ह्याची एकही चढत नव्हती. पण ह्यानं अख्ख्या वॉर्डाच्या मॅच लावलेल्या. रोज चार वाजता. सिस्टरसुद्धा हसायची.

"घरात बसून राहू नकोस, बाहेर पडत जा," तो म्हणाला.

"कुणासाठी पडू रे बाहेर?" मी विचारलं.

"वहिनींनी तुला एवढी वर्षं जिने चढवला तो कशाला? बसायला?" त्याला धाप लागली. "ह्या वॉर्डातल्यांचं तू मोज आता. माझा आवाज पुरत नाही."

"मला नाही जमणार."

"बरं. मग बघत बस."

पाच दिवस मी नुसता बघत बसलो. सहाव्या दिवशी चारला गेलो तर पलंगावर नवी चादर. शेजारचा, भिवंडीकडचा म्हातारा, यंत्र मांडीवर घेऊन बसलेला.

"सकाळीच गेले हो," तो म्हणाला. "आज राहू द्या."

स्टूल मी त्याच्या पलंगाजवळ ओढलं. "ओढा," म्हटलं.

त्यानं ओढलं. दोन गोळ्या चढल्या, तिसरी हलून खाली बसली.

"परत," मी म्हणालो.