सेल हलके नव्हते

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, भावाला नाही. देवासमोर हात जोडले तरी तेवढ्यापुरता विषय बदलतो — पाऊस पडू दे म्हणतो, पोरांना बुद्धी दे म्हणतो. मग तुम्हालाच का सांगतोय? खरं सांगू, ठाऊक नाही. तुम्ही मला ओळखत नाही, वाटेत कधी भेटणार नाही, म्हणून असेल. नाहीतर आता पोटात मावेनासं झालंय, म्हणून.

थांबा. आधी धंद्याचं सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. आणि मलाही तेवढाच वेळ मिळेल.

बेळगावातल्या शहापुरात वडिलांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान. एका अंगाला मागांची खडखड, दुसऱ्या अंगाला देऊळ. घड्याळं संपली, मोबाईल आले. मोबाईल दुरुस्त करणारे गल्लीगल्लीत झाले, तेव्हा मी हातात धरायच्या जीपीएसच्या नादाला लागलो. आम्ही त्याला नुसतं 'सेट' म्हणतो. दोन सेल घालायचे, उघड्यावर धरायचा, वरचे उपग्रह धरले की आपण कुठं उभे आहोत ते पडद्यावर दिसतं. त्याला मोबाईलची रेंज असावी लागत नाही. गेलेली वाट तो ध्यानात ठेवतो आणि त्याच वाटेनं परत आणतो. जमीन मोजणारे नेतात, पवनचक्कीवाले नेतात, आणि खानापूरच्या रानात भटकणारे आमच्यासारखे रिकामटेकडे नेतात.

लोक काय काय करून आणतात, विचारू नका! एक जण म्हणाला, "उपग्रहच धरंना झालाय हो." अरे बाबा, पत्र्याच्या शेडात बसून धरेल कसा? मैदानात जा, जरा एका जागी गप उभा राहा. दुसऱ्यानं भिजलेला सेट तांदळाच्या डब्यात पुरून आणला — बटणांच्या फटीत सगळं पीठ! त्याला मी नको नको ते बोललो. माझं तोंडच फटकळ. दुसऱ्याची चूक दिसली की जीभ आवरत नाही मला.

आता परश्याचं. सांगायलाच पाहिजे, त्याच्यावाचून हे पुढं सरकत नाही.

परशराम. शाळेपासूनचा माझा दोस्त. खानापूरकडच्या खेड्यातला, घरची शेती, कॅम्पात एका शाळेच्या ऑफिसात नोकरी. पण जीव सगळा रानात. रविवार आला की बेळगावातली माणसं गोळा करून निघायचा — पुढं परश्या, मागं सगळे. त्याची पाठ दिसतेय ना, मग काळजी नाही, असं बायामाणसं म्हणायची. आठवडाभर फायलीत मान घातलेला हा माणूस रविवारी ताठ व्हायचा. आणि सेट? सेट दर वेळी माझ्याकडून तपासून न्यायचा. "तू बघितलास न्हवं? मग झालं." झाकण उघडून बघायचासुद्धा नाही.

त्या सालचा पाऊस सरता सरता त्यानं सेट आणून दिला. पाठीमागं सेलचं झाकण असतं, त्याच्या कडेनं बारीक रबर असतं, पाणी आत जाऊ नये म्हणून. ते चिरलं होतं. मी काढून टाकलं. नवं घालतो म्हटलं. नवं दुकानात नव्हतं, मागवायचं राहिलं, आज करू, उद्या करू. मधे परश्यानं विचारलं आणि मी सांगितलं, "घातलं की रं." का सांगितलं? काय गरज होती? अजून घातलं नाही म्हटलं असतं तर तो काय मला खाणार होता? एवढंसं खोटं. तेवढ्यावर थांबलं असतं तर आज मी तुमच्यासमोर असा बडबडत बसलो नसतो.

मग आली खंडेनवमी.

आमच्याकडं त्या दिवशी हत्यारं पुजतात, ते तुम्हाला माहीत असेलच. स्क्रूड्रायव्हर, चिमटे, भिंग, मीटर, सगळं धुऊनपुसून पाटावर. आणि पुजलेल्या हत्याराला दसरा होईपर्यंत हात लावायचा नाही. त्या वर्षी मला हौस आली. एरवी माझा नियम कडक — सेट ठेवून द्यायचा तर सेल काढून ठेवायचे. गिऱ्हाइकांना मी त्याच्यावरनं झाडतो. पण सेट चालू असले की पडदे उजळतात, फोटो झकास येतो, मोबाईलवर आमच्या गटात टाकता येतो. म्हणून दुकानातले सगळे सेट सेल घालून, चालू करून मांडले. परश्याचा मधोमध, त्यानंच आणून दिलेले सेल घालून. हळद, कुंकू, झेंडू. नारळ फोडला आणि पाणी हत्यारांवर शिंपडलं. बोटानं शिंपडायचं सोडून चांगलं ओंजळीनं! सण होता ना.

बाकीच्यांची झाकणं घट्ट होती.

मला तिथंच आठवलं, बरं का. पाणी पडताना आठवलं. ह्याला रबर नाही. झाकण उघडायला हत्यारसुद्धा लागत नाही, कडी बोटानं फिरवली की झालं. पण आई मागं उभी होती, पुजलेल्याला हात लावू नको म्हणाली असती. म्हणाली असती — म्हणाली नव्हती! बघा, आत्तासुद्धा मी म्हातारीच्या माथी मारतोय. मला हात पुढं करायचा कंटाळा आला, एवढंच खरं. आत चालू सेल, त्यात नारळाचं पाणी. असं झालं की आतले पत्रे आणि स्प्रिंगा गंज खाऊन टाकतो. हे मला ठाऊक नव्हतं? माझा धंदा आहे तो.

दसऱ्याला परश्या आपट्याची पानं घेऊन आला. "सोनं घे, सोन्यासारखं ऱ्हा," म्हणून मिठी मारली. मी सेट फडक्यानं पुसला, तेव्हा झाकणाच्या फटीतनं ओल आली. गुलाबी. कुंकवाची. मी फडक्याची ती बाजू आत दुमडली. सेट चालू होत होता. सुकेल की, असं मनाशी म्हटलं आणि सणासुदीचं त्याच्या हातात ठेवला. तो दुसऱ्या दिवशी वीस माणसं घेऊन रानात चालला होता. मला ठाऊक होतं.

मी गेलो नाही. बहिणीकडं जेवायला गेलतो. पुढचं सगळं ऐकलेलं.

रान ऐन माजलेलं, गवत छातीला लागत होतं, पायवाट कुठं दिसायची? आत बरंच गेल्यावर सेट बंद पडला. चालू केला, परत बंद. परश्यानं घाईघाईत जवळचे, त्याच पाकिटातले नवे सेल घातले. तरी तेच. सगळ्यांच्या खिशात मोबाईल, पण रेंज नाही म्हटल्यावर कुणाचा नकाशा उघडेना. मग अंदाजानं वळले आणि चुकीच्या ओढ्यात उतरले. तिथं वीणाताई शेवाळावरनं घसरल्या. वीणाताई म्हणजे आमच्याच गल्लीतल्या वकीलबाई, कोर्टात वाघीण आणि रानात लहान पोर. खुब्याचं हाड मोडलं. चादरीची झोळी करून माणसांनी त्यांना गावापर्यंत आणलं. ताई शुद्धीवर होत्या. कशा ओरडत होत्या ते मला प्रत्येकानं वेगवेगळं सांगितलंय.

आता ताई काठी घेऊन चालतात. कोर्टाच्या पायऱ्या अर्ध्यात थांबून चढतात. मी दिसलो की हात वर करतात.

पण हे पण माझं खरं पाप नव्हे. म्हणजे, हेही आहे. पण मी सांगायला बसलोय ते ह्याच्या पुढचं.

परश्या दुकानात आला. हातावर सगळे ओरखडे, डोळे सुजलेले. सेट काउंटरवर ठेवला आणि म्हणाला, "काय झालंतं ह्येला, बघ रं जरा." मी पाठ करून झाकण उघडलं. स्प्रिंगेवर हिरवा थर, कोपऱ्यात कुंकू. सेल चांगले होते. चांगल्या कंपनीचे, ठणठणीत, एक थेंब गळला नव्हता. मी ते काढले आणि — कसं सांगू? — खिशात घातले. ड्रॉवरमध्ये कुणाच्या तरी रेडिओतले गळून फुगलेले सेल पडले होते, त्याच कंपनीचे. ते काउंटरवर ठेवले.

"हे बघ," म्हटलं. "हलके सेल. गळले आत."

"मी चांगलेच घेतलेतो की रं."

"वरचा कागद तोच असतोय. आतला माल नकली. बघून घ्यायचं न्हाय व्हय?"

केवढ्या जोरात बोललो मी! फटकळ माणसाचा हा एक फायदा, कुणाला शंका येत नाही. परश्या त्या सेलांकडं बघत बसला. मग हळू म्हणाला, "म्हंजे माझ्यामुळं झालं." नाही म्हणायला मला काय लागत होतं? जीभ हलवायची होती फक्त. चहा आला. तो प्यायला नाही. मी प्यायलो.

वीणाताई घरी आल्यावर तो भेटायला गेला, मलाही बरोबर घेऊन. एकट्याला धीर होईना म्हणून! ताईंच्या खाटेशी खाली बसला, हात जोडले. "ताई, मी सेल बघून घेतले न्हाईत. चुकलं माझं." ताई म्हणाल्या, "असू दे रे परशराम, मुद्दाम का केलंस तू?" पण त्यांचा भाऊ दारात उभा होता. म्हणाला, "लोकांच्या जिवाशी खेळायचं, आणि साधे सेल बघत न्हाईस?" परश्यानं मान खाली घातली. माझ्या हातात पोह्यांची बशी होती. मी पोहे खाल्ले. सगळे खाल्ले.

त्यानंतर परश्या रानात गेला नाही. लोक बोलावत राहिले, मग बोलवायचे थांबले. रविवारी तो कॉलनीच्या बागेत बाकावर बसलेला दिसायचा. आणि माणसं घेऊन रानात कोण जायला लागलं? ओळखा. मला ह्याची हौस होती का आधीपासून? त्याच्या पाठीवर जेवढी नजर, तेवढी आपल्या पाठीवर असावी, असं वाटायचं का? वाटायचं की. जळत होतो मी त्याच्यावर. हे म्हणायला एवढी वर्षं लागली.

आणि मी गप्प बसलो असतो तरी एक वेळ चाललं असतं. गप्प कुठला बसतोय मी!

नवीन लोकांना सेटचं शिकवायला मला बोलावतात. खासबागेत शिकवलं, निपाणीत शिकवलं. मी चांगलं शिकवतो, खोटं कशाला बोलू. निघायच्या आधी उघड्यावर उभे राहा, सुरुवातीची जागा नोंदवून ठेवा, झाकणाचं रबर नखानं चाचपून बघा, दोरी मनगटात अडकवा, जादा सेल कोरड्या पिशवीत ठेवा. रबराचं सांगताना माझा आवाज जरासुद्धा कापत नाही. आणि शेवटी, लोक कंटाळायला लागले की गोष्ट सांगतो — "आमचा एक दोस्त होता, मोठा रानाचा राजा, पण सेल आणले हलके..." नाव घेत नाही. घ्यायला लागतच नाही, बेळगाव केवढंसं! त्याचा आवाज काढून दाखवतो, "मी चांगलेच घेतलेतो की रं." लोक हसतात. निपाणीत एक जण म्हणाला, "असला कसला म्होरक्या हो हा?" मीही हसलो. दर वेळी ठरवतो, पुढच्या खेपेला ही गोष्ट सांगायची नाही. आणि सांगतो. का सांगतो? सांगून सांगून ती खरी होईल, असं वाटतं का मला?

झोप लागते मला, तुम्हाला वाटेल लागत नसेल. लागते. फक्त हात स्वस्थ राहत नाहीत. जेवताना बोटं ताटाची कड चाचपत असतात. बायको म्हणते, काय शोधतोयस रं?

ह्या वर्षी परश्याची पोरगी, दीपा, आमच्या गटात आली. कॉलेजात आहे. बापासारखीच लांब ढांगा. पहिल्या दिवशी परश्या तिला सोडायला स्कूटरवर आला, सकाळी, जिथनं आमची गाडी निघते तिथं. एवढ्या वर्षांत तो त्या जागी आला नव्हता. जुनी माणसं बुटांच्या नाड्या बांधायला वाकली. वीणाताईंचा भाऊही होता. परश्यानं सगळ्यांना नमस्कार केला आणि माझ्या हातातला सेट घेतला. झाकण उघडलं. सेल काढले, उजेडात धरून फिरवून बघितले, टोकं अंगठ्यानं घासली, परत घातले. सेट पोरीच्या हातात दिला.

"हे बघ दीपा," म्हणाला. एवढ्या मोठ्यानं, की सगळ्यांनी ऐकावं. "माझ्या आळसापायी एका बाईचा पाय गेला. सेल बघितले न्हवते मी. ह्या काकानं तवाच दाखवलंतं मला, तोंडावर बोलला, म्हणून कळलं तरी. त्येचं ऐकत जा." आणि मग माझ्याकडं वळला. कसनुसं हसला. "काय रं, बरोबर हाय न्हवं?"

सगळे माझ्याकडं बघत होते. दीपा बघत होती. तोंड उघडलं मी.

"व्हय," म्हटलं.